शेवटची कात्री

आमच्या दोन दुकानांच्या मध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत आहे. अलीकडे माझं चष्म्याचं दुकान, पलीकडे बायकोचं सलून. चहाचे कप इकडून तिकडे देता यावेत म्हणून त्या भिंतीला मी स्वतः एक खिडकी कापली होती, पण तिच्यातून चहा कमी आणि आवाज जास्त येतात. सलूनमध्ये काय चाललंय ते मला जागेवरून न उठता कळतं, आणि माझं दुकान बहुतेक वेळ रिकामंच असल्यामुळे ऐकायला सवडही भरपूर. बायको म्हणते, मी कान टवकारून बसतो. मी म्हणतो, डोळ्यांना पापण्या असतात तशा कानांना नसतात, त्याला मी काय करू?

सलूनमध्ये सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मी आपोआप सगळ्यांचा दाजी झालो. लग्न झालं तेव्हा ती दुसऱ्याच्या पार्लरमध्ये केस धुवायच्या कामाला होती. पुढे एक खुर्ची, एक आरसा आणि माझ्या आईची नाराजी एवढ्या भांडवलावर तिनं हे सलून काढलं. घरच्या सुनेनं परक्यांच्या डोक्यात हात घालावेत हे आईला पटत नव्हतं. वर्षभरात आई स्वतःच त्या खुर्चीत बसायला लागली आणि आमच्या सुनेचा हातगुण बघा म्हणून शेजारणींना मान वळवून वळवून दाखवायला लागली. आता चार खुर्च्या आहेत, भिंतभर आरसा आहे आणि बाहेर पाटी आहे. ती पाटी बायको रोज सकाळी स्वतः पुसते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

तिची एक पद्धत होती. केस कोणीही कापलेले असोत, गिऱ्हाईक उठायच्या आधी ती हातातलं काम ठेवून त्या खुर्चीमागे यायची. दोन बोटांत केस धरून बघायची, मानेपाशी आणि कानामागे दोन-तीनदा कात्री चालवायची आणि म्हणायची, "झालं." ही शेवटची कात्री लागल्याशिवाय त्या दुकानात कोणाचंच डोकं पुरं होत नसे. गिऱ्हाइकंही त्यासाठी थांबून राहायची. तिचा हात लागला की माणूस खुर्चीतून जरा ताठ उठतो, हे मी खिडकीतून कितीतरी वेळा पाहिलंय. मला त्याचा केवढा अभिमान होता. तीच पद्धत आमच्या मुळावर येतेय हे तेव्हा तिला कळलं नाही आणि मला तर नाहीच नाही.

हाताखाली तिघं. मास्तर सगळ्यात जुने. मिशीला पीळ आणि स्वभावालाही. पुरुषांचे केस तेच कापतात आणि कापता कापता गुडघेदुखीपासून मुलीच्या लग्नापर्यंत न मागितलेला सल्ला देतात. काकू केस धुतात आणि रंग लावतात. त्यांच्या नखांच्या कडा कायम तपकिरी. आणि तिसरी झिपरी. दुसऱ्यांचे केस झकास करणाऱ्या या बाईसाहेबांचे स्वतःचे केस कधी विंचरलेले दिसत नाहीत, म्हणून मास्तरांनी तिला ते नाव ठेवलं आणि तिनं ते खुशाल मिरवलं. तिघांत हात तिचाच सगळ्यात हलका. पण तोंडात एक वाक्य कायम तयार असायचं, "मी नाही हं." हातातून टॉवेल निसटला तर तो जमिनीवर पडायच्या आत हे वाक्य बाहेर पडायचं.

मग बायकोचा उजवा हात बिघडला. आधी बोटांना मुंग्या यायच्या, पुढे कात्री धरल्या धरल्या हातातून सुटायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं की मनगटात नस दबली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतरही दिवसभर कात्री चालवायचं विसरून जा. तिनं ते ऐकून घेतलं आणि डॉक्टरांच्या मानेवरचे केस वेडेवाकडे कापलेत एवढंच मला बाहेर आल्यावर सांगितलं.

सलूनच्या पलीकडे चपला-बुटांचं दुकान आहे. तो दुकानदार बऱ्याच दिवसांपासून आमच्या गाळ्यावर डोळा ठेवून होता. हाताची बातमी लागताच तो फळं घेऊन तब्येत विचारायला आला आणि जाता जाता विषय काढून गेला. बायकोनं त्याला महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं. मला म्हणाली, मी मागे उभी नसताना ही तिघं नीट काम करणार असतील तर सलून राहील, नाहीतर गाळा त्याला देऊन टाकू. तिच्या मनात सलून पुढे झिपरीच्या हाती सोपवायचं होतं. मास्तरांचं वय झालंय आणि काकूंना रंगापलीकडे काही नको असतं, तेव्हा दुसरं कोणी नव्हतंच. पण जी मुलगी पडलेल्या टॉवेलचीही जबाबदारी घेत नाही, तिच्या हाती किल्ली कशी द्यायची?

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंचं प्रकरण झालं. दुसऱ्या दिवशी बाईंचा निवृत्तीचा कार्यक्रम होता, म्हणून त्या केसांना रंग लावायला आल्या होत्या. बायको तपासणीसाठी दवाखान्यात गेली होती. काकूंनी रंग कालवायला घेतला आणि अर्ध्यातच फोन आला म्हणून बाहेर गेल्या. वाटीत रंग दिसला म्हणून झिपरीनं तो लावून टाकला. शेजारच्या खुर्चीसाठी लावलेलं घड्याळ वाजलं, ते मास्तरांना बाईंचंच वाटलं आणि त्यांनी बाईंना केस धुवायला पाठवलं. बाई आरशासमोर आल्या तेव्हा वरचे केस मातकट तांबडे आणि कानांजवळचे पांढरे ते पांढरेच. हे कोणी केलं म्हणून त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, त्यांनी फक्त कालवला. झिपरी म्हणाली, मी नाही हं, मी नुसता लावला. मास्तर म्हणाले, माझा रंगाशी काडीचा संबंध नाही. तिघांनी असे हात वर केले की बाईंनी स्वतःच घरून रंगवून आणलं होतं असं वाटावं.

तेवढ्यात बायको आली. तिनं एकदा केसांकडे पाहिलं, पर्स ठेवली आणि म्हणाली, "बाई, चूक माझी. बसा." मग त्या दुखऱ्या हातानं, मधूनमधून ब्रश डाव्या हातात घेत, तिनं सगळं पहिल्यापासून केलं. बाई समाधानानं गेल्या. तिघंही निर्धास्त झाली, कारण नेहमीप्रमाणे ताईंनी अंगावर घेतलं होतं. दुकान बंद करताना मात्र कुलुपात किल्ली फिरवायला तिच्या बोटांत जोर उरला नव्हता. मी किल्ली घेतली आणि फिरवली. घरी जाताना ती म्हणाली, "एका डोक्याला तीन जणांचे हात लागले, तरी ते डोकं कोणाचंच नव्हतं."

माझा राग नाकावर असतो. दुसऱ्याच दिवशी मी आरशावर कॅमेरा बसवला. म्हटलं, आता बघतो कोण हात वर करतंय ते. झालं भलतंच. काकू भिंतीकडे तोंड करून रंग कालवायला लागल्या. मास्तर दर थोड्या वेळानं कॅमेऱ्यात बघून मिशी नीट करायचे. झिपरीच्या वाक्याला तर नवीन शेपूट फुटलं, "मी नाही हं, कॅमेऱ्यात बघा." अवघड केसांचं गिऱ्हाईक आलं की तिघंही एकदम कामात. बायकोनं चार दिवस सहन केलं आणि मग मला स्टुलावर चढवून कॅमेरा काढायला लावला. स्टूल तिनं धरलं होतं आणि वर काही बोललीही नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं.

खरं कारण तिला सापडलं ते एका पोस्टमनच्या मानेवर. तिच्या मनगटाला तेव्हा डॉक्टरांनी पट्टा बांधला होता आणि कात्री सक्त मना होती. ती गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसली होती. मास्तरांनी पोस्टमनचे केस कापले, कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि ते दोन पावलं मागे सरून उभे राहिले. पोस्टमन मान खाली घालून बसलेला. मानेवरची कड तिरकी राहिलेली मला खिडकीतून दिसत होती. कोणी हलेना. मला वाटलं, मास्तरांना उचकी लागली असेल.

बायको म्हणाली, "मास्तर, मानेवरचे राहिलेत."

"हो," मास्तर सरळपणे म्हणाले, "ते तुम्ही घेता ना."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. टोमणाही नव्हता. माणूस आपला नेहमीसारखा बाजूला होऊन वाट बघत होता. बायकोनं त्यांनाच ते पुरं करायला सांगितलं आणि ती तडक माझ्याकडे आली. माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. बराच वेळ तिनं समोरच्या चष्म्यांच्या फ्रेमा सारख्या केल्या.

"त्यांनी आळस नाही केला," ती म्हणाली. "माझ्यासाठी ठेवलेत ते केस. इतकी वर्षं ठेवत आलेत. प्रत्येक डोक्याचा शेवट मी माझ्याकडे ठेवला आणि जबाबदारी त्यांनी घ्यावी म्हणते. ती घ्यायला मी शिल्लक कुठे ठेवली?"

मी चहा सांगितला. तिनं ॲप्रनच्या खिशातून आपली कात्री काढली, जुन्या मऊ कापडात गुंडाळली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये, चष्म्यांच्या स्क्रूंच्या डब्याशेजारी ठेवली. मी मागितली तरी द्यायची नाही, असं बजावून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं तिघांना समोर बसवलं. ज्यानं डोकं हातात घेतलं त्यानंच ते पुरं करायचं, मधे कोणाची मदत घेतली तरी डोकं त्याचंच, आणि गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायलाही त्यानंच जायचं. काम बिघडलं तर गिऱ्हाइकाला आरशात दिसायच्या आत आपण सांगायचं. कोणाच्याही वतीनं ती आता माफी मागणार नाही आणि गिऱ्हाइकासमोर कोणाला बोलणारही नाही. झिपरीनं विचारलं, सांगितल्यावर गिऱ्हाईक चिडलं तर काय करायचं? बायको म्हणाली, चिडेलच, ते ऐकून घ्यायचं.

पहिले काही दिवस कठीण गेले. मास्तरांनी तोंड फुगवलं. ताईंचा आमच्यावरचा जीव उडाला म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला गुडघेदुखीऐवजी हेच सांगत होते. त्याहून कठीण अवस्था बायकोची. दिवसातून कितीदा तरी खिडकीत तिचा हात यायचा. एकच केस वर आलाय, एवढाच घेते, दे. मी ड्रॉवरला कुलूप लावलं. संसारात मी तिला इतक्या वेळा "नाही" कधीच म्हटलं नव्हतं आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

पहिली वेळ काकूंवर आली. एका बाईंच्या केसांवर रंग फार काळा चढला. आरसा दाखवायच्या आधी काकूंनी सांगितलं की रंग जास्त वेळ राहिला, तो त्यांच्याकडूनच राहिला. त्या बाई तोंड सोडून बोलायला लागल्या. भिंतीपलीकडे बायकोचं स्टूल करकरलं. ती उठली होती. आता "चूक माझी" ऐकू येणार म्हणून मी श्वास धरून बसलो. स्टूल पुन्हा करकरलं. ती खाली बसली होती. त्या बाई पाय आपटत निघून गेल्या आणि परत कधी आल्या नाहीत. काकू रडल्या, चहा प्यायल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकापासून आधी एका बटेला रंग लावून बघायला लागल्या. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना बायको माझ्यापुढे चालत होती.

मग ऑपरेशन झालं आणि ती घरी अडकली. मी संध्याकाळी आलो की दारातच चौकशी सुरू व्हायची. मानेवरचे कोणी घेतले? दारापर्यंत कोण गेलं? मी जसं ऐकलं तसं सांगायचो. मास्तरांनी एका दुकानदाराचा कल्ला तिरका कापला आणि मिशी खाली करून स्वतः सांगितलं. काकू आता फोन बंद करून ठेवतात. झिपरीबद्दल मात्र मला नक्की सांगता येत नव्हतं. तिचं ते वाक्य बंद झालं होतं, पण तिच्याकडून काही बिघडलंच नव्हतं, की ती मूग गिळून बसत होती, ते खिडकीतून कळत नव्हतं. महिनाअखेर जवळ येत होती आणि चपलावाला रोज मला नमस्कार करत होता.

त्यात केसांची अडचण. बायकोचे केस कमरेपर्यंत. सलूनमध्ये तिनं कधी कोणाला आपल्या केसांना हात लावू दिला नव्हता. दोन आरसे धरून टोकं स्वतःच सारखी करायची. आता उजवा हात बांधलेला, म्हणून वेणी घालायचं काम माझ्याकडे आलं. माझी वेणी बघून तिची धाकटी बहीण म्हणाली, दाजींनी विहिरीचा दोर वळलाय का? शेवटी एका सकाळी बायको म्हणाली, "चल. झिपरीकडून खांद्यापर्यंत कापून घेते."

केस कापताना चष्मा काढावा लागतो. तिनं तो खिडकीतून माझ्या हातात दिला. तिचा नंबर मला तोंडपाठ आहे. चष्म्याशिवाय तिला आरशात माणूस आहे की टॉवेल टांगलाय तेही कळत नाही. झिपरीनं कापड बांधलं. मास्तर आणि काकू आपापल्या खुर्च्या पुसत असल्यासारखं करत होते. आधी लांब वेणी कापली गेली. बायको मान डावीकडे कलती ठेवून बसली होती.

झिपरीनं डावी बाजू घेतली. तिथेच ते झालं. मान कलती आहे हे तिच्या लक्षात आलं नाही आणि कात्री खांद्याच्या बरीच वर, कानाच्या पाळीजवळ चालली. कापलेली बट कापडावरून घसरत खाली पडली. मास्तर खाकरले. काकूंनी डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा, उजवी बाजू तेवढीच घे. तसं करता आलंही असतं. ताईंना दिसत नव्हतं. पुढे त्यांना सांगता आलं असतं की आखूडच छान दिसतात, आणि आम्ही तिघांनीही कधी तोंड उघडलं नसतं. मी तर गाळा वाचावा म्हणून नक्कीच उघडलं नसतं.

झिपरीनं कात्री ट्रेमध्ये ठेवली. "ताई, थांबा," ती म्हणाली. "डावी बाजू जास्त गेली. तुम्ही खांद्यापर्यंत सांगितले होते, मी पार कानापर्यंत घेतले. मान कलती होती, ते मी बघितलं नाही. माझ्याकडून झालं."

कापडाखालून बायकोचा डावा हात बाहेर आला आणि ट्रेकडे गेला. जुनी खोड. तो हात अधांतरी थोडा थांबला आणि मग पुन्हा कापडाखाली गेला.

"मग आता काय करशील?" तिनं विचारलं.

"उजवी बाजूही तेवढीच वर घ्यावी लागेल. फार आखूड होतील."

"शोभतील?"

"शोभतील. पण तुम्ही मागितले होते ते हे नाहीत."

"घे," बायको म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

झिपरीनं उजवी बाजू घेतली. मग मागे गेली, वाकली, दोन बोटांत केस धरून बघितले आणि मानेवर, कानामागे कात्री चालवली. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "झालं."

मी चष्मा दिला. बायकोनं आरशात पाहिलं. केस कानाच्या पाळीइतके होते आणि तिचा चेहरा एकदम उघडा, वेगळाच दिसत होता. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. झिपरीला वाटलं, केसांसाठी रडताहेत, आणि ती पुन्हा माझ्याकडून झालं, माझ्याकडून झालं म्हणायला लागली. बायकोनं डाव्या हातानं तिचा हात धरून ठेवला. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच कसला सल्ला सुचेना. मी खिडकी लावून घेतली, कारण माझ्याही डोळ्यांचा भरवसा नव्हता आणि चष्म्याच्या दुकानात ते बरं दिसत नाही.

दुपारी चपलावाला उत्तर घ्यायला आला. बायकोनं त्याला चहा पाजला आणि गाळा द्यायचा नाही म्हणून सांगितलं. त्यानं तिच्या डोक्याकडे बघत विचारलं, आजारपणामुळे कापले का? ती म्हणाली, नाही, आमच्या झिपरीनं चुकून कापले. तो जरा गडबडला आणि तिच्याकडून इथून पुढे जपून काम करून घ्या, असं सांगून गेला.

त्यानंतर भेटेल त्याला ती हेच सांगत सुटली. भाजीवालीला, मुख्याध्यापिकाबाईंना, माझ्या गिऱ्हाइकांनासुद्धा. कोणी केसांचा विषय काढला नाही तर स्वतः काढायची. आमच्या झिपरीनं चुकून कापले, आणि मला दिसत नव्हतं तरी तिनं स्वतः सांगितलं. बोलताना मान अशी वळवायची की माझी आई आठवावी. सलूनची किल्ली आता झिपरीकडे असते, पाटीही तीच पुसते. कात्री अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि ड्रॉवरला आता कुलूप नसतं.

पुढे केस वाढले, पुन्हा खांद्याशी आले. हातही बराच सुधारला होता. वेणी घालता आली असती. मला वाटलं, आता ती लांब केस ठेवेल. एका सकाळी तिनं खिडकीतून चष्मा माझ्या हातात दिला आणि खुर्चीत जाऊन बसली. झिपरीनं कापड बांधून विचारलं, किती ठेवू?

"मागच्यासारखेच," बायको म्हणाली.